रहस्यकथा हवी आहे की थ्रिलर?

“एखादी जुनी, चांगली क्राइम कादंबरी सुचव ना,” असं कोणी म्हटलं की बहुतेक जण अगाथा ख्रिस्तीचं नाव सांगून मोकळे होतात. विचारणाऱ्याला नेमकं तेच हवं असलं तर ठीक. नाहीतर तो पन्नासेक पानांत पुस्तक मिटतो आणि “जुनी पुस्तकं फार संथ असतात बुवा” असा शेरा मारतो. बिचाऱ्या पुस्तकाचा काही दोष नसतो. त्याला हवी होती थ्रिलर आणि हातात पडली रहस्यकथा, एवढंच.

दोन्हींत गुन्हा असतो, पोलीस असतात, कुणीतरी कुणाच्या तरी मागावर असतं, त्यामुळे घोटाळा होतो. डिटेक्टिव्ह असला की ती रहस्यकथा, अशी एक सोपी खूण सांगितली जाते, पण ती फसवी आहे. फ्रेडरिक फोर्सिथच्या ‘द डे ऑफ द जॅकल’मध्ये (१९७१) क्लोद लबेल हा पोलीस अधिकारी जिवाचं रान करून तपास करतो, तरी ती अस्सल थ्रिलर. उलट ख्रिस्तीच्या ‘अँड देअर वेअर नन’मध्ये (१९३९) बेटावर अडकलेल्या दहा जणांत रहस्य सोडवणारा नायकच नाही, तरी ते कोडंच आहे. बरं, खूनही लागतोच असं नाही. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (१८६८) सगळी उभी आहे ती एका हिऱ्याच्या चोरीवर.

फरक आहे तो वाचकाची नजर कुठे लागते यात. रहस्यकथेत मुख्य गोष्ट आधीच घडून गेलेली असते. कोणी केलं, कसं केलं, हे आपण मागे जाऊन शोधतो. थ्रिलरमध्ये मुख्य गोष्ट अजून घडायची असते. ती घडेल का, आपला माणूस वाचेल का, याची धाकधूक असते.

हे एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांत बघायचं असेल तर अँथनी बर्कली कॉक्स घ्या. अँथनी बर्कली या नावाने त्याने १९२९ मध्ये ‘द पॉयझन्ड चॉकलेट्स केस’ लिहिली. विषारी चॉकलेटचा डबा पाठवला एकाला, मेली भलतीच बाई. गुन्हेशास्त्राची आवड असलेले एका मंडळाचे सहा सभासद एकेक करून आपापला उलगडा मांडतात, प्रत्येकाचा वेगळा, आणि प्रत्येक वेळी आपल्याला वाटतं, हेच बरोबर! दोनच वर्षांनी फ्रान्सिस आइल्स हे नाव घेऊन त्याने ‘मॅलिस अफोरथॉट’ लिहिली. तिच्या पहिल्याच वाक्यात कळतं की डॉक्टर बिकलीने बायकोला मारायचं ठरवलं, पण हालचाल सुरू केली ती काही आठवड्यांनी. खुनी कोण हा प्रश्न तिथेच निकालात निघतो आणि तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. ‘आठवडे’ हा तपशील किती थंडपणे टाकलाय बघा.

रहस्यकथेत लेखकाचा वाचकाशी अलिखित करार असतो. खरं तर अलिखितही नाही. रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने १९२९ मध्ये दहा नियम लिहूनच ठेवले: गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेलेला असावा, गुप्त खोली एकापेक्षा जास्त नसावी, शोधच न लागलेलं विष चालणार नाही, वगैरे. एलरी क्वीन तर पहिल्याच कादंबरीत गोष्ट मध्येच थांबवून वाचकाला सांगतो की सगळे धागेदोरे तुमच्या हाती आलेत, आता सोडवा.

थ्रिलरला हा जाच नाही. जॉन बकनच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’मध्ये (१९१५) हॅने जीव मुठीत घेऊन स्कॉटलंडच्या माळरानावर पळतोय, आसरा म्हणून एका घरात शिरतो, आणि ते घर नेमकं शत्रूचं निघतं. रहस्यकथेत असा योगायोग घातला तर वाचक पुस्तक भिरकावतील. इथे आपण श्वास रोखून पान उलटतो.

म्हणूनच शिफारस करायची रीतही बदलते. रहस्यकथा सुचवताना तोंडाला कुलूप हवं. ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’बद्दल (१९२६) “शेवटी जबरदस्त धक्का आहे हं” एवढं म्हणणंसुद्धा मला जास्त वाटतं, पुढचा माणूस मग पहिल्या पानापासून संशय घेत बसतो. थ्रिलरचं कथाबीज मात्र बिनधास्त सांगावं. ‘जॅकल’मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारण्याचा कट आहे. ते १९७० मध्ये नैसर्गिक मरणाने गेले, म्हणजे कट फसणार हे उघडच आहे. पण जॅकल हा भाडोत्री मारेकरी कबरस्तानात फिरून लहानपणीच वारलेल्या मुलाचं नाव शोधतो, त्याच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढतो, हे सगळं इतकं तपशीलवार येतं की शेवट ठाऊक असूनही घाम फुटतो.

तेव्हा आधी विचारून घ्यावं: तुला डोकं चालवायचंय की धडधड हवीय? कोडं आवडणाऱ्याला ‘पॉयझन्ड चॉकलेट्स’ द्या. ‘मूनस्टोन’ही द्या, पण ती ऐसपैस आहे हे आधीच सांगून ठेवा, अडल्यावेळी ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडून सल्ला घेणारा म्हातारा कारभारी बेटरेज आवडला तर पुढचं सगळं आवडतं. धडधड हवी असणाऱ्याला जेफ्री हाउसहोल्डची ‘रोग मेल’ (१९३९). एका हुकूमशहावर बंदूक रोखलेला शिकारी पकडला जातो, छळातून निसटतो आणि शेवटी इंग्लंडमध्ये जमिनीत बीळ खणून लपतो. त्या बिळातला ओलावा आणि कोंदटपणा वाचताना अंगाला चिकटतो. माझ्या मते ही त्या काळातली सर्वांत जास्त दुर्लक्षित थ्रिलर आहे.

आणि विचारणाऱ्यालाच नीट सांगता येत नसेल, तर त्याच वर्षीची एरिक अ‍ॅम्बलरची ‘द मास्क ऑफ दिमित्रिओस’ पुढे करावी. तिचा नायक लॅटिमर स्वतः डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहितो. इस्तंबूलच्या शवागारात एका गुन्हेगाराचं प्रेत बघून, निव्वळ कुतूहलापोटी तो त्याचा भूतकाळ उकरायला निघतो. सुरुवात कोड्यासारखी होते. पुढे हे प्रकरण त्याच्याच गळ्याशी येतं. वाचून परत केल्यावर त्याला कुठला अर्धा भाग जास्त आवडला ते विचारा, पुढचं पुस्तक त्यावरून ठरेल.