कॉफीगृहे : साखळी, स्पेशालिटी आणि स्थानिक

घराबाहेर कॉफी पिण्याच्या आज जगभर रूढ असलेल्या तीन रीती. एकाच नावाखाली, एकाच मापाने आणि एकाच पद्धतीने कॉफी विकणारी असंख्य दुकाने म्हणजे साखळी कॉफीगृहे. मळा, वाण आणि प्रक्रिया यांची ओळख शाबूत ठेवून, चाखणीत ठरावीक कसोटीला उतरलेल्या बियांपासून केलेली ती स्पेशालिटी कॉफी. आणि एखाद्या गावाने, शहराने किंवा समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कॉफी करण्याची, देण्याची व पीत बसण्याची तऱ्हा म्हणजे स्थानिक कॉफीसंस्कृती. या तिन्हींची तुलना बहुधा चवीवरून होते आणि तिथेच थांबते. खरे तर साखळी हमी देते सारखेपणाची, स्पेशालिटी वेगळेपणाची आणि स्थानिक कॉफीगृह ओळखीपाळखीची. हा फरक ध्यानात घेतला की त्यांच्यातले पुष्कळसे वाद आपोआप उलगडतात.

पूर्वपीठिका : कॉफीगृह ही संस्था साखळ्यांहून काही शतकांनी जुनी. इस्तंबूलमध्ये सोळाव्या शतकाच्या मध्यास कॉफीगृहे सुरू झाली, लंडनमध्ये पहिले १६५२ साली निघाले. तिथे कॉफी प्यायला लोक जात, पण बसत ते बोलण्यासाठी. बातम्या, व्यापार, राजकारण, बुद्धिबळ असे सगळे त्या एका छपराखाली चाले. म्हणूनच राज्यकर्त्यांना ही जागा कायम संशयास्पद वाटली. मक्केत १५११ साली कॉफीवर बंदी आली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला, आणि लोक इतके खवळले की अंमल सुरू होण्याआधीच तो मागे घ्यावा लागला. लॉइड्स या विमाबाजाराचा उगमही लंडनच्या एका कॉफीगृहातलाच. पेय बाजूला ठेवले तरी कॉफीगृहाला स्वतःचे असे सामाजिक वजन आहे, हे या इतिहासावरून दिसते.

विसाव्या शतकात कॉफी झटपट झाली. तूरिनच्या आंजेलो मोरियोंदो याने १८८४ मध्ये वाफेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुईजी बेझेरा याने १९०१ मध्ये एकेक कप स्वतंत्रपणे काढण्याची सोय केली. या यंत्रांत वाफेचा दाब अपुरा आणि उष्णता जास्त, त्यामुळे कॉफी करपट लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजा याच्या दांड्याच्या यंत्राने पाण्यावर भरपूर दाब आणला आणि कॉफीवर सोनेरी-तपकिरी फेस आला. आज इटलीत प्रमाण मानला जाणारा एस्प्रेसो, म्हणजे अशी दाबाने काढलेली कॉफी, साधारण ७ ग्रॅम पूड, ९ बार दाब आणि २५ सेकंद या मापाचा. जगातल्या बहुतेक साखळ्या याच यंत्रावर उभ्या आहेत.

साखळीचा उदय : स्टारबक्स या सर्वांत मोठ्या साखळीची सुरुवात १९७१ साली सिअ‍ॅटलमध्ये झाली, आणि तिथे तयार कॉफी विकली जातच नव्हती. तीन मित्रांचे ते भाजलेल्या बिया विकण्याचे दुकान. त्यांचा गुरू आल्फ्रेड पीट हा हॉलंडहून आलेला. त्याने १९६६ मध्ये बर्कलीत दुकान काढून अमेरिकनांना चांगल्या, खरपूस भाजलेल्या बियांची गोडी लावली होती. तेव्हा डबाबंद कॉफीला कंटाळलेल्या, चोखंदळ लोकांमधून साखळी जन्माला आली, ही गोष्ट तिच्यावर टीका करणारे सहसा विसरतात. स्टारबक्सच्या नोकरीत असलेल्या हॉवर्ड शुल्ट्झ याने १९८३ मध्ये मिलानमधले एस्प्रेसो बार पाहिले. मालकांना त्याची कल्पना पटेना, म्हणून त्याने वेगळे दुकान काढले आणि १९८७ मध्ये स्टारबक्सच विकत घेतले. इटलीतला उभ्याने दोन घोटांत संपणारा कप अमेरिकेत मोठा झाला, त्यात दूध वाढले, सिरप आले आणि शेजारी बसायला मऊ खुर्ची आली. घर आणि कामाची जागा यांच्याखेरीज माणसाला लागणाऱ्या बैठकीच्या जागेला समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग याने ‘तिसरी जागा’ म्हटले. साखळीने ही कल्पना उचलून आपली करून टाकली.

सारखेपणा साधायचा कसा, हा साखळीपुढचा खरा तांत्रिक प्रश्न. कॉफी हे शेतीचे पीक आहे. पाऊस, उंची, माती आणि तोडणीचा काळ यांप्रमाणे दरवर्षी तिची चव बदलते. हजारो दुकानांत वर्षभर एकच चव द्यायची तर हा फरक पुसावाच लागतो. त्यासाठी पहिला उपाय मिश्रणाचा : अनेक देशांच्या बिया एकत्र केल्या की एखाद्या पिकातली उणीव दुसरे पीक झाकते. दुसरा उपाय गडद भाजण्याचा. भाजताना बी साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पहिल्यांदा तडकते. त्याच्याही पुढे, दुसऱ्यांदा तडकेपर्यंत नेली की मूळची आंबटगोड, फुलाफळांची छटा मागे पडते आणि भाजल्याचा कडवट-खमंग स्वाद वर येतो. हा स्वाद कुठल्याही देशाच्या बीला आणता येतो आणि दुधासाखरेतही टिकतो. उरलेली कसर बटण दाबताच दळून कॉफी काढून देणारे यंत्र भरून काढते.

यंत्राने वेग आला, पण किंमतही मोजावी लागली. शुल्ट्झ यानेच फेब्रुवारी २००७ च्या अंतर्गत पत्रात कबूल केले की स्वयंचलित यंत्रांनी दुकानातले नाट्य हिरावून नेले. पुढच्या वर्षी, २६ फेब्रुवारी २००८ रोजी, अमेरिकेतली सुमारे ७,१०० दुकाने एका संध्याकाळी काही तास बंद ठेवून कर्मचाऱ्यांना एस्प्रेसो काढण्याचे धडे दिले गेले. कॉफी बनवणाऱ्याचा हात सुटला की काय हरवते, हे त्या संध्याकाळी खुद्द साखळीनेच मान्य केले.

तरी साखळीला सरसकट हीन लेखणे अन्यायाचे आहे. अनोळखी शहरात पहाटे पोहोचलेल्या माणसाला, एकटीने बसून काम करू पाहणाऱ्या बाईला, कोणी ‘उठा’ म्हणणार नाही अशी स्वच्छ जागा मिळणे ही लहान गोष्ट नाही. अनेक जुन्या कॉफीगृहांत बायकांना शतकानुशतके जागा नव्हती. साखळीच्या दारावर असा अलिखित नियम नसतो.

स्पेशालिटी : ‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्दप्रयोग अर्ना नट्सन या कॉफी व्यापारी बाईंनी १९७४ मध्ये एका व्यापारविषयक नियतकालिकात केला. विशिष्ट भूभागाच्या हवामानात पिकलेली, स्वतःची ठळक चव असलेली बी, असा त्यांचा अर्थ होता. अमेरिकेत १९८२ मध्ये या व्यावसायिकांची संघटना उभी राहिली. २०१७ मध्ये ती युरोपातल्या संघटनेशी एकरूप होऊन आजची स्पेशालिटी कॉफी असोसिएशन झाली.

रूढ कसोटी १०० गुणांची असून ८० वा त्याहून अधिक गुण मिळवणारी कॉफी स्पेशालिटी ठरते. आधी कच्च्या बिया तपासतात. ३५० ग्रॅमच्या नमुन्यात पूर्ण काळी किंवा आंबून गेलेली बी यांसारखा मोठा दोष एकही चालत नाही. मग चाखणी, म्हणजे कपिंग. हलक्या भाजलेल्या बियांची भरड पूड कपात घेतात, ८.२५ ग्रॅमला १५० मिलिलिटर या प्रमाणात, आणि तिच्यावर सुमारे ९३ अंशांचे पाणी ओततात. चार मिनिटांनी वर जमलेली साय चमच्याने फोडताना नाक कपाला टेकेल इतके खाली नेऊन वास घेतात. नंतर चमचाभर कॉफी जोरात सुर्र करून ओढतात, म्हणजे ती तोंडभर पसरते. एका नमुन्याचे पाच कप लावतात, कारण एका कपात लपलेला दोष दुसऱ्यात सापडतो. कप निवत जाईल तसे पुन्हापुन्हा चाखतात. गरम असताना दडलेले बरेच काही कोमट कॉफीत उघडे पडते.

चवीतला मोठा भाग मळ्यावरच ठरतो. कॉफीचे फळ पिकल्यावर लाल किंवा पिवळे होते. साल आणि चिकट गर काढून, आंबवून, धुऊन बी वाळवली तर चव स्वच्छ आणि आंबटसर येते. ही वॉश्ड प्रक्रिया. आख्खे फळच उन्हात वाळवले तर गराची गोडी बीत मुरते आणि कपात बोरासारखा, कधी वाइनसारखा स्वाद उतरतो. ती नॅचरल. साल काढून थोडा गर तसाच ठेवला की हनी. या नावाचा मधाशी संबंध फक्त चिकटपणापुरता. इथिओपियाच्या यिरगाचेफे भागातली वॉश्ड कॉफी हलकी भाजून प्यायली की जाईचा आणि लिंबाच्या सालीचा वास जाणवतो. तीच बी गडद भाजली तर हा वास जातो आणि परत आणता येत नाही. स्पेशालिटीवाल्यांचा हलक्या भाजणीचा आग्रह इथून येतो. काहींनी तो आंबट-कच्च्या कॉफीपर्यंत ताणला आहे, हेही नमूद केले पाहिजे.

पनामातील बोकेते भागात असियेंदा ला एस्मेराल्दा या मळ्याची गेशा वाणाची कॉफी २००४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत पहिली आली आणि लिलावात पौंडाला २१ डॉलर असा तेव्हाचा विक्रमी भाव घेऊन गेली. हे वाण मूळचे इथिओपियातले, रोगप्रतिकारासाठी मध्य अमेरिकेत आणलेले आणि उत्पन्न कमी म्हणून दुर्लक्षित राहिलेले. ते इतर बियांत मिसळून विकले जात होते तोवर त्याची किंमत कोणालाच कळली नव्हती.

मळेवाल्याचा वाटा : कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाचा जागतिक भाव न्यूयॉर्कच्या आणि रोबस्टाचा लंडनच्या वायदेबाजारात ठरतो. १९६२ पासूनच्या आंतरराष्ट्रीय कॉफी कराराने देशोदेशींच्या निर्यातीचे कोटे ठरवून भाव सावरून धरला होता. १९८९ मध्ये कोटे कोसळले आणि २००१ मध्ये अरेबिकाचा भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला. श्रीमंत देशांतल्या साखळ्या तेव्हा जोमाने वाढत होत्या, आणि मध्य अमेरिकेत शेतकरी मळे सोडून जात होते. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट हीच आहे. नाव नसलेल्या मालाला बाजारभावाखेरीज दुसरा आधार नसतो. १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये सुरू झालेली कप ऑफ एक्सलन्स ही स्पर्धा विजेत्या मळ्याच्या नावाने लिलाव करते, त्यामागचा विचार हाच.

इथिओपियाने २००५ मध्ये सिदामो, हरार आणि यिरगाचेफे ही नावे अमेरिकेत व्यापारचिन्हे म्हणून नोंदवायचे ठरवले, तेव्हा अमेरिकी कॉफी व्यापारी संघटनेने विरोध केला. जाहीर वादानंतर २००७ मध्ये स्टारबक्सने या नावांबाबत इथिओपियाशी करार केला. भांडण चवीचे नव्हतेच. एका प्रदेशाचे नाव कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न होता.

स्थानिक रीती : इथिओपियात घरी आलेल्या पाहुण्यासमोर बिया धुऊन, तव्यावर भाजून, त्यांचा धूर सगळ्यांना हुंगवून, कुटून जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत कॉफी उकळतात. त्याच पुडीवर तीनदा पाणी घालून तीन फेऱ्या होतात : अबोल, तोना आणि बरका. तिसरी फेरी आशीर्वादाची, तिच्याआधी उठणे बरे दिसत नाही. जगातल्या उत्तम बिया निर्यात करणारा हा देश आपल्या पिकातला जवळजवळ अर्धा वाटा स्वतःच पितो. तुर्की कॉफीची परंपरा २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. व्हिएतनाममध्ये फिन नावाच्या धातूच्या गाळणीतून थेंबथेंब पडणारी कडक रोबस्टा घट्ट गोड दुधावर घेतात. स्पेशालिटीच्या कसोटीत रोबस्टाला बराच काळ स्थानच नव्हते, आणि तरीही ही कॉफी आपल्या जागी परिपूर्ण आहे. जपानच्या किस्सातेन नावाच्या शांत कॉफीगृहांत हाताने सावकाश पाणी ओतण्याची कला दशकानुदशके जोपासली गेली. पुढे अमेरिकी स्पेशालिटीवाल्यांनी तीच आपल्या ओट्यावर आणली.

साखळी आणि स्थानिक रीत यांचा सामना ऑस्ट्रेलियात फार स्पष्ट दिसला. महायुद्धानंतर आलेल्या इटालियन आणि ग्रीक स्थलांतरितांनी तिथे एस्प्रेसो रुजवला होता. गिऱ्हाइकाचे नाव आणि त्याची नेहमीची कॉफी ठाऊक असलेला बरिस्ता, म्हणजे कॉफी करून देणारा, गल्लोगल्ली होता. स्टारबक्स २००० मध्ये तिथे गेले आणि २००८ मध्ये ८४ पैकी ६१ दुकाने बंद करून बसले. जिथे चांगली कॉफी आधीच होती, तिथे सारखेपणाची हमी कोणाला नकोच होती. इटलीत स्टारबक्सने पहिले दुकान थेट २०१८ मध्ये काढले. तेही नेहमीचे नव्हते, बिया समोर भाजून दाखवणारे प्रशस्त दालन होते.

पुसट होत चाललेल्या सीमा : डबाबंद कॉफी आणि साखळ्या यांच्यानंतर आलेल्या स्पेशालिटीच्या ‘तिसऱ्या लाटे’तल्या दोन अग्रणी कंपन्या, स्टम्पटाउन आणि इंटेलिजेन्शिया, २०१५ मध्ये आल्फ्रेड पीटच्या दुकानातून वाढलेल्या पीट्स कंपनीने आपल्याकडे घेतल्या. ब्लू बॉटल या अशाच कंपनीचा मोठा हिस्सा २०१७ मध्ये नेस्लेने घेतला. दुसरीकडे स्वतंत्र स्पेशालिटी दुकानेही एकमेकांसारखी दिसू लागली आहेत. तेच उघडे लाकूड, तीच पांढरी फरशी, तोच पातळ नक्षीचा फेस. कपातली बी कोणत्या डोंगरावरची हे फलकावर लिहिलेले असते, पण दुकान कोणत्या शहरातले हे आत बसून सांगता येत नाही. स्पेशालिटीने मळ्याची ओळख जपली, गावाची जपायची राहून गेली.

साखळीसुद्धा बदलते आहे. चीनमध्ये २०१७ साली निघालेल्या लकिनने हिशेबातल्या मोठ्या घोटाळ्यातून सावरून २०२३ मध्ये १०,००० दुकानांचा टप्पा ओलांडला आणि तिथे स्टारबक्सला वार्षिक विक्रीत मागे टाकले. तिची बहुतेक दुकाने लहान. मागणी फोनवरून नोंदवायची, खिडकीशी जाऊन कप उचलायचा आणि निघायचे. बसायला एखादे बाक असले तर असले.