एमएलबी ड्राफ्ट: पात्रता, कागदपत्रे आणि स्काउटची नजर

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलगा शाळेच्या संघात बेसबॉल उत्तम खेळू लागला की पालकांचा पहिला प्रश्न आपल्या सवयीचाच असतो: मेजर लीग बेसबॉलच्या, म्हणजेच एमएलबीच्या, ड्राफ्टसाठी अर्ज कोठे आणि कधी भरायचा? असा अर्ज नसतो. १९६५ पासून चालत आलेल्या या निवड प्रक्रियेत नियमांत बसणारा प्रत्येक हौशी खेळाडू आपोआप उपलब्ध धरला जातो आणि ३० क्लब आपापल्या क्रमाने त्यांतून निवड करतात. २०२१ पासून ड्राफ्ट जुलैमध्ये होतो, त्याच्या २० फेऱ्या असतात आणि सहाशेहून अधिक खेळाडू निवडले जातात. कुटुंबाच्या हाती उरते ते आपण पात्र केव्हा होतो हे ओळखणे आणि क्लब मागतील ती माहिती वेळेवर व खरी देणे.

पात्रता

खेळाडू अमेरिका, कॅनडा किंवा प्वेर्तो रिकोसारख्या अमेरिकी प्रदेशाचा रहिवासी असावा अथवा तेथील शाळेत किंवा महाविद्यालयात शिकत असावा, आणि त्याने यापूर्वी एमएलबी क्लबशी करार केलेला नसावा. नागरिकत्वाची अट नाही. २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला ट्रॅव्हिस बझाना ऑस्ट्रेलियाचा आहे, परंतु तो ओरेगॉन स्टेट विद्यापीठाकडून खेळत असल्याने ड्राफ्टच्या कक्षेत आला.

हायस्कूल पूर्ण केलेला आणि अद्याप महाविद्यालयात न गेलेला विद्यार्थी पात्र असतो. त्याने चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, की मात्र तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे भरेपर्यंत दार बंद होते. हायस्कूलनंतरच्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजला हे बंधन लागू नाही. तेथील खेळाडू दरवर्षी पात्र राहतो. संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि तो बहुधा सतराव्या-अठराव्या वर्षी घ्यावा लागतो. भारतीय आईवडिलांचा मुलगा अर्जुन निमला २०२३ मध्ये फ्लोरिडातील हायस्कूलमधून थेट विसाव्या क्रमांकावर टोरोंटो ब्लू जेजकडे गेला, तेव्हा तो १७ वर्षांचा होता.

पुण्यात किंवा जळगावात राहून खेळणाऱ्या मुलाचा ड्राफ्टशी संबंध येत नाही. तो आंतरराष्ट्रीय खेळाडू ठरतो आणि वयाची अट पूर्ण झाल्यावर कोणत्याही क्लबशी थेट करार करू शकतो. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांनी २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सशी असाच करार केला होता.

कागदपत्रे

जन्मदाखला, पासपोर्ट, शाळेचे प्रवेश व उत्तीर्णतेचे पुरावे आणि वैद्यकीय नोंदी एकत्र ठेवाव्यात. आपल्याकडे वडिलांचे नाव मधल्या नावाच्या जागी येते; ते एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षरापुरते आणि तिसऱ्यावर गायब असेल, तर पडताळणीच्या वेळी धावपळ होते. हे आधीच सारखे करून घ्यावे. खेळाडू अल्पवयीन असल्यास करारावर पालकांची स्वाक्षरीही लागते.

वैद्यकीय नोंदींकडे दुर्लक्ष महागात पडते. कुमार रॉकर या पिचरला (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला), ज्याच्या आईचे कुटुंब मूळचे भारतातील आहे, २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने दहाव्या क्रमांकावर निवडले आणि ६० लाख डॉलरवर बोलणी ठरली. त्याने ड्राफ्टपूर्व एमआरआय कार्यक्रमात भाग घेतलेला नव्हता. निवडीनंतरच्या तपासणीत क्लबला शंका आली आणि मुदत संपेपर्यंत त्याच्यासमोर करार ठेवलाच गेला नाही. पुढे खांद्याची शस्त्रक्रिया झाली, एक उन्हाळा तो एमएलबी क्लबांशी न जोडलेल्या स्वतंत्र लीगमध्ये खेळला आणि २०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. आता ड्राफ्टपूर्व तपासणीत सहभागी झालेल्या आघाडीच्या खेळाडूला निवडक्रमासाठी नियत असलेल्या रकमेच्या किमान ७५ टक्क्यांचा प्रस्ताव देणे क्लबला भाग असते. निमंत्रण आल्यास ते टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्काउट काय पाहतो

प्रत्येक क्लबचा विभागीय स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा पारखी, काही राज्यांतील शाळा-महाविद्यालयांचे सामने पाहत फिरतो. त्याला एखादा खेळाडू भावला तर वरिष्ठ पारखी, ज्याला क्रॉसचेकर म्हणतात, येऊन खात्री करतो, आणि अंतिम यादी स्काउटिंग संचालकाच्या टेबलावर ठरते. गुण २० ते ८० या मापावर दिले जातात. ५० म्हणजे मेजर लीगमधील सरासरी. फलंदाजाच्या बाबतीत चेंडू अचूक टोलवणे, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण ही पाच अंगे पाहतात. शाळेत धातूची बॅट चालते, व्यावसायिक खेळात लाकडीच लागते, म्हणून लाकडी बॅटच्या उन्हाळी स्पर्धांतील खेळाला, विशेषतः महाविद्यालयीन खेळाडूंच्या केप कॉड लीगला, स्काउट अधिक वजन देतात. पिचरच्या वेगाची नोंद रडार गनवर होते, पण थकल्यावर तो कसा फेकतो हे पाहण्यासाठी स्काउट शेवटच्या डावापर्यंत थांबतो.

यानंतर प्रश्नावली येते आणि कधी घरी भेटही होते. स्थळाच्या चौकशीसारखीच ही चौकशी असते: शिक्षणाचे काय ठरले, दुखापती कोणत्या झाल्या, आणि किती रकमेवर करार कराल? शेवटचा प्रश्न उद्धट वाटला तरी त्यामागे हिशेब आहे. २०१२ पासून पहिल्या दहा फेऱ्यांतील खेळाडूंना करारावेळी मिळणाऱ्या बोनसवर प्रत्येक क्लबला एकूण मर्यादा असते. ती पाच टक्क्यांपर्यंत ओलांडली तर जादा रकमेवर ७५ टक्के कर बसतो, आणि त्यापुढे गेल्यास भावी पहिल्या फेरीची निवड जाते. त्यामुळे अवास्तव आकडा सांगितलेल्या मुलावर क्लब निवड वाया घालवत नाही. आकडा घरी शांतपणे ठरवावा आणि सर्व क्लबांना एकच सांगावा.

महाविद्यालयीन खेळ सांभाळायचा असेल, तर एजंटबाबत जपावे. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएच्या नियमांनुसार सल्लागार सल्ला देऊ शकतो, परंतु महाविद्यालयीन खेळाडूच्या वतीने त्याने क्लबशी वाटाघाटी केल्यास हौशी दर्जा धोक्यात येतो. निवड झालेल्या हायस्कूल खेळाडूला २०१६ पासून यात काही सवलत आहे.

निवडीनंतर

निवड म्हणजे करार नव्हे. ठरलेल्या मुदतीत सही झाली नाही, तर खेळाडू महाविद्यालयात जाऊन पुढे पुन्हा पात्र होऊ शकतो. तोच क्लब त्याला पुन्हा निवडू इच्छित असेल तर मात्र खेळाडूची संमती लागते. वीस फेऱ्यांत नाव न आलेला पात्र खेळाडू मुक्त असतो आणि स्वारस्य दाखवणाऱ्या कोणत्याही क्लबशी करार करू शकतो.