वनस्पतींपासूनची मेंदूची औषधं आणि 'न्यूरोप्रोटेक्टिव्ह' शब्दाचा घोळ

हळद, गिंको, ब्राह्मी यांच्यावर आज जे पेपरमागून पेपर येतायत ते समजायला गॅलँटामाइन या अल्झायमरवरच्या औषधापासून सुरुवात केलेली बरी. त्याआधी १८६४ मध्ये कॅलाबार बीनमधून फायसोस्टिग्मिन वेगळं काढलं होतं, अल्झायमरवरचं आजचं दुसरं औषध रिवास्टिग्मिन त्याच्याच घराण्यातलं. गॅलँटामाइन १९५० च्या दशकात सोव्हिएत युनियन आणि बल्गेरियात स्नोड्रॉपसारख्या फुलझाडांतून आलं, आणि तेव्हा ते पोलिओनंतरच्या अशक्तपणासाठी नि ऑपरेशननंतर ढिले पडलेले स्नायू पूर्ववत करायला वापरायचे, अल्झायमरशी त्याचा संबंध कोणी लावला नव्हता. १९७० च्या दशकात कळलं की अल्झायमरच्या मेंदूत असिटिलकोलिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) बनवणारं एन्झाइम खूप घटलेलं असतं, मग हे जुनं औषध परत बाहेर निघालं आणि २००१ ला अमेरिकेत मंजूर झालं. खाजकुहिलीचंही तसंच, तिच्या बियांत लेवोडोपा आहे हे १९३७ पासून माहीत, पार्किन्सनमध्ये त्याचा उपयोग कळायला १९६० चं दशक उजाडलं.

आता खरा घोळ. गॅलँटामाइन आणि लेवोडोपा कमी पडलेलं रसायन टिकवतात किंवा भरून काढतात, पेशी मरायच्या थांबत नाहीत. पण 'न्यूरोप्रोटेक्टिव्ह', म्हणजे मेंदूच्या पेशींना वाचवणारं, हा शब्द सगळ्यांनाच चिकटवला जातो. लॅबमधल्या डिशमध्ये पेशींवर विषारी अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रोटीन) टाकलं, सोबत वनस्पतीचा अर्क टाकला, पेशी जास्त वाचल्या, की झालं न्यूरोप्रोटेक्टिव्ह. स्मरणशक्तीच्या चाचणीत उंदीर पाण्याच्या टाकीतला प्लॅटफॉर्म लवकर शोधायला लागला तरी तोच शब्द, आणि पेशंटचा आजार खरोखर मंदावला तर त्यालाही तोच! तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या मते या एका शब्दाने पेशंटच्या घरच्यांना जेवढी खोटी आशा लावली तेवढी कुठल्याच जाहिरातीने लावली नसेल.

हळदीतल्या करक्युमिनचंच बघा. ते पिवळं असतं, स्वतः चमकतं, वेगवेगळ्या प्रोटीन्सना चिकटतं, त्यामुळे बऱ्याच लॅब टेस्ट खोट्या पॉझिटिव्ह येतात, आणि पोटातून घेतलं तर रक्तात अगदी थोडं पोचतं. २०१७ मध्ये केमिस्ट लोकांनी यावर सविस्तर टीका केली, तरी पेपर येतच राहिले. गिंकोचा ट्रायल मात्र नीट झाला, तीन हजारांवर वयस्कर माणसं, सरासरी सहाएक वर्षं, २००८ ला निकाल: डिमेन्शिया टळला नाही. हा निकाल निराशेचा असला तरी मला तो शंभर डिश-प्रयोगांपेक्षा मोलाचा वाटतो.

हुपरझाइन ए हा वनस्पतीतूनच मिळणारा घटक चीनमध्ये औषध म्हणून मिळतं, अमेरिकेत सप्लिमेंट म्हणून. २०११ ला छापलेल्या अमेरिकन ट्रायलमध्ये ठरवलेल्या मुख्य डोसला फायदा दिसला नव्हता. आणि ते 'नॅचरल' म्हणून घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही की त्याचं काम अल्झायमरवरच्या डोनेपेझिल या औषधासारखंच आहे, दोन्ही एकत्र घेतली तर उलट्या होऊ शकतात, नाडी मंदावू शकते.