ते वाक्य संत फ्रान्सिस यांचं नाही

‘सुवार्ता सतत सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा.’ सुवार्ता म्हणजे येशूचा शुभ संदेश. इटलीतल्या असिसीचे मध्ययुगीन संन्यासी संत फ्रान्सिस यांच्या नावावर खपणारं हे वाक्य त्यांच्या लेखनात नाही, सुरुवातीच्या चरित्रांतही नाही. घरच्यांशी श्रद्धेबद्दल बोलताना अवघडणाऱ्यांना ते सोयीचं पडतं, म्हणूनच टिकलं असावं. फ्रान्सिस स्वतः गावोगाव उपदेश करत फिरायचे. त्यांनी आपल्या संघातल्या बंधूंसाठी, म्हणजे संन्याशांसाठी, लिहिलेल्या 1221 च्या नियमावलीत ‘कृतीने उपदेश करा’ असं आहे खरं. पण मुस्लिमांमध्ये जाणाऱ्या बंधूंना त्यात दोन वाटा दिल्यात. वाद न घालता नम्रपणे राहावं आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करावं. किंवा देवाची इच्छा दिसली की त्याचं वचन उघड सांगावं. गप्प बसणं दोन्हींत नाही. तेव्हा मित्राने ‘जेवणाआधी डोळे का मिटता?’ विचारलं, तर हसून विषय बदलू नका. दोन वाक्यांत सांगा.