पदार्पण अल्बम (प्रोग्रेसिव्ह मेटल)

प्रोग्रेसिव्ह मेटल वाजवणाऱ्या बँडचा पूर्ण लांबीचा पहिला अल्बम. त्याआधी चार-पाच गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा संग्रह, आलेला असला, तरी त्याला पदार्पण म्हणत नाहीत. या संगीतात हेवी मेटलच्या गिटारचा जड, खरखरीत आवाज आणि 1970 च्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉकची लांब, वळणे घेणारी रचना एकत्र येते. आठ-दहा मिनिटांचे गाणे येथे नेहमीचे. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या पट्ट्यात, ‘बँड’ म्हटले की आधी वरातीपुढचा बँड आठवतो. येथे अभिप्रेत आहेत ती गिटार, बेस, ड्रम आणि गळा घेऊन स्वतःच्या रचना वाजवणारी चार-पाच मुले-मुली.

क्वीन्सराइक आणि फेट्स वॉर्निंग या अमेरिकी बँडचे पहिले अल्बम 1984 मध्ये आले. ड्रीम थिएटरचे मूळ तीन वादक 1985 मध्ये बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात एकत्र आले; त्यांचा पहिला अल्बम 1989 चा. त्या अल्बमवर गायलेले चार्ली डॉमिनिची पुढे बँडमध्ये राहिले नाहीत, आणि बँडला मोठे नाव मिळाले ते 1992 च्या दुसऱ्या अल्बमने. भारतात दिल्लीच्या स्कायहार्बरचा पहिला अल्बम 2012 मध्ये, तर मुंबईच्या कोशिश या बँडचा हिंदी गाण्यांचा अल्बम 2013 मध्ये प्रसिद्ध झाला.

नवख्या श्रोत्याची गाडी अडते ती मोजणीवर. कानाला सवय 4, 6 किंवा 8 मात्रांची. येथे 5, 7, 9, 11 मात्रांची आवर्तने येतात आणि गाण्याच्या मध्येच बदलतात. पण ज्याने तबल्याची पहिली एक-दोन वर्षे केली आहेत, त्याला यात परके काही नाही. रूपक 7 मात्रांचा, 3-2-2 असा. झपताल 10 मात्रांचा, 2-3-2-3. दीपचंदी 14 मात्रांचा, 3-4-3-4. हातावर टाळी-खाली (टाळीच्या आणि हात उघडण्याच्या जागा) धरून ऐकले, तर गोंधळ वाटणारा तुकडा दोन-तीन आवर्तनांत उलगडतो. फरक एवढाच, की आपल्याकडे एकदा धरलेला ताल सहसा बंदिशभर टिकतो. काही रचनांत गिटार 7 मात्रांचा तुकडा घोळवते आणि ड्रम 4 वर चालू राहतो. दोघे पुन्हा एकत्र पडतात ते 28 व्या मात्रेनंतर. शाळेत शिकलेला लसावि तो हाच. तिहाई (तीनदा वाजणारा तुकडा) समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येताना जो आनंद होतो, तोच त्या क्षणी होतो. स्वीडनच्या मेशुगा या बँडने ही पद्धत टोकाला नेली, पण त्यांच्या 1991 च्या पहिल्या अल्बमवर थ्रॅश मेटलची, म्हणजे वेगवान, आक्रमक मेटलची, छाप ठळक आहे. स्वतःची चाल सापडायला त्यांनाही वेळ लागला.

पदार्पण अल्बमचा नेहमीचा दोष दाटीचा. कित्येक वर्षे साठवलेले सगळे एकदम सांगायचे असते; चांगला रिफ (गिटारचा घोळवायचा तुकडा) दोनदाच येतो आणि त्याच्या जागी तिसरा, चौथा घुसतो. श्रोत्याला सम सापडायच्या आत ताल बदलला, तर ती अवघड रचना नसते, अर्धवट रचना असते. आवर्तन कानात बसेपर्यंत थांबण्याचे धैर्य ज्या पहिल्या अल्बममध्ये दिसते, तो बँड पुढे ऐकत राहावा.

आता असा अल्बम घरच्या खोलीतही होतो. अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स या अमेरिकी बँडच्या 2009 च्या पहिल्या अल्बमचे ड्रम संगणकावर रचलेले आहेत. स्कायहार्बरची सुरुवातही गिटारवादक केशव धर यांच्या घरच्या ध्वनिमुद्रणातून झाली. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे 420 किलोमीटर, त्यामुळे खान्देशातल्या मुलांसाठी ही सोय मोलाची आहे. अडचणी मात्र इथल्या मातीच्या. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, आणि गाणे मुद्रित करताना पंखा आणि कूलर दोन्ही बंद ठेवावे लागतात, कारण माइक दोघांचीही घरघर पकडतो. म्हणून गायन हिवाळ्यात किंवा लग्नसराईतले डीजे थांबल्यावर उत्तररात्री उरकणे शहाणपणाचे. भिंतींना गोधड्या टांगल्या, तर खोलीचा घुमारा बराच कमी होतो. कोरड्या हवेत गिटारच्या पट्टीचे लाकूड आकसते आणि तिच्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पडद्यांची टोके बोटांना टोचू लागतात. गिटार ठेवायच्या पेटीत थोडा ओलावा राखणे हा त्यावरचा उपाय. सात तारांच्या गिटारची सर्वांत खालची तार सुमारे 62 हर्ट्झवर बोलते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तो मूळ स्वर झेपत नाही, आणि बहुतेक लोक ऐकतात मोबाइलवर. मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांची जुळणी, झाल्यावर हेडफोनबरोबर साध्या मोबाइलवरही ऐकून पाहावे.

अल्बममधील गाण्यांचा क्रम हा या प्रकारात रचनेचाच भाग असतो. अनेक अल्बम एकच कथा सांगतात, म्हणून मधले एखादे गाणे सुटे ऐकले तर निम्मे हाती लागते. लांब कथा गाऊन सांगणे खान्देशाला नवे नाही. डफावरचे वहीगायन हेच करते. सातपुड्यात काठी या गावच्या होळीला वाजणारे मोठे ढोल ज्याने जवळून ऐकले आहेत, त्याला खालचा आवाज कानाआधी छातीला कसा कळतो, हेही सांगावे लागत नाही. महाविद्यालयीन मुलांना रंगमंच मिळतो तो विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवात, पण स्पर्धेच्या ठरावीक वेळेत दहा मिनिटांचे गाणे बसवणे कठीण. मग तेच गाणे अल्बममध्ये पहिल्यांदा अखंड ऐकू येते.

भाषेचा प्रश्न उरतो. भारतीय मेटल बँड बरेचदा इंग्रजीत गातात. खान्देशची बोली अहिराणी या संगीताला चांगली मानवेल, आणि त्याचे कारण उच्चारात आहे. प्रमाण मराठीतला ‘ळ’ अहिराणीत, तसाच लेवा बोलीतही, ‘य’ होतो: डोळा-डोया, केळी-केयी. ‘ळ’ म्हणताना जीभ वळून टाळूला लागते आणि लांबवलेला स्वर तिथे तुटतो. ‘य’ मधून आवाज न अडखळता पुढच्या स्वरात जातो. घसा ताणून दोन-तीन आवर्तने एकच अक्षर धरायचे असेल, तेव्हा गायकाला हा फरक लगेच जाणवतो.