आठची गोळी आठलाच का?

"सकाळी स्वतःची दाढी स्वतः करतात आणि अकरा वाजता म्हणे खुर्चीतून उठता येत नाही. नाटकं नुसती!" पार्किन्सन्स झालेल्या माणसाबद्दल असं बोलणं शुश्रूषा केंद्रात ऐकू येतं. बोलणारा खोटं सांगत नसतो. त्याने दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. मधल्या वेळात रक्तात काय झालं, ते त्याला दिसत नाही.

हालचालींसाठी लागणारं डोपामिन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी या आजारात मरत जातात. मग डोपामिनचीच गोळी का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत शिरताना त्याला दारातच अडवलं जातं. त्याचा कच्चा माल असलेला लेव्होडोपा मात्र आत जातो. तो अमिनो आम्ल आहे, त्यामुळे अमिनो आम्लं वाहून नेणाऱ्या प्रथिनावर बसून तो पलीकडे पोचतो. गोळीत त्याच्या सोबत असलेलं कार्बिडोपा हे औषध त्याचं वाटेतच डोपामिन होऊ देत नाही.

एवढं करूनही लेव्होडोपाचं रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. तीन तासांनी पाव, साडेचार तासांनी अष्टमांश. आजार नवा असताना उरलेल्या पेशी डोपामिन साठवतात आणि पुरवून वापरतात, म्हणून गोळीला उशीर झाला तरी फारसं जाणवत नाही. पुढे हे कोठारच रिकामं होतं. रक्तात औषध असेल तर माणूस चालतो, उतरलं की जागच्या जागी थिजतो. केंद्रात येणारे बरेच जण याच टप्प्यावर असतात.

आता औषधांची ट्रॉली बघा. आठला पहिल्या खाटेपाशी निघते, शेवटच्या खाटेपाशी पोचेतो नऊ. तोवर दूध-अंडं खाऊन झालेलं असतं. त्यातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं होतात आणि त्याच वाहकावर जागा धरून बसतात. एकदा आतड्यात, पुन्हा मेंदूच्या दाराशी. शिवाय लेव्होडोपा शोषला जातो लहान आतड्यात, आणि या आजारात जठर मुळातच सावकाश रिकामं होतं. गोळी पोटात गेलेली असते, पण मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाही. म्हणून ती शक्यतो जेवणाआधी अर्धा तास द्यावी. गिळायचे स्नायूही तिच्यावरच चालतात, त्यामुळे घास श्वासनलिकेत जायचा धोकाही कमी होतो. प्रथिनं बंद मात्र करू नयेत. वजन आधीच घटत असतं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या निकषानुसार ठरलेल्या वेळेच्या पुढेमागे ३० मिनिटांत गोळी मिळायला हवी.

इथे कोणीतरी खाजकुहिलीची पूड सुचवतंच. त्या बियांत लेव्होडोपा असतो, हे खरं. पण चमच्यात किती आला ते कोण मोजणार? आणि "नैसर्गिक" औषधाच्या भरवशावर गोळ्या एकदम थांबवल्या, तर तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. मळमळीवरचं मेटोक्लोप्रामाइडही टाळावं. ते डोपामिनचंच काम अडवतं.

नोंदवहीत "सकाळची दिली" एवढंच लिहू नका. ८.०५ लिहा, आणि पाय कधी अडखळायला लागले तेही शेजारी लिहा. दोन मात्रांमधलं अंतर कमी करायचं की मात्रा बदलायची, ते डॉक्टर या दोन आकड्यांवरून ठरवू शकतात.