नव्या मुख्याध्यापकांचं नेतृत्व प्रशिक्षण: अर्ज नेमका कुठे अडतो?

मुख्याध्यापकाची खुर्ची मिळाली म्हणजे आपण कागदोपत्रीही मुख्याध्यापक झालो, असं बरेच जण धरून चालतात. प्रशिक्षणाचे निम्मे अर्ज इथेच लटकतात.

आधी सोपा भाग. दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजन व प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेत २०१२ पासून शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे, नोंदणी स्वतः करायची आणि सवडीने शिकायचं. दीक्षा या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे नेतृत्वावरचे घटक असतात, तेही तसेच. प्रत्यक्ष वर्गांसाठी मात्र नावं वरून मागवली जातात: जिल्हा परिषद शाळांची गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत, खाजगी माध्यमिकची शिक्षणाधिकाऱ्यांकडून, आणि पुढे डाएटकडे, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे. कागदांचा जाच सुरू होतो तो इथे.

पहिला प्रश्न पदाचा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीत १५० पेक्षा जास्त पट असेल किंवा सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त, तरच स्वतंत्र मुख्याध्यापकपद मिळतं. दोनशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना गाव ‘हेडमास्तर’ म्हणतं, पण मंजूर पद नसतंच. अशांनी पदनामात ‘मुख्याध्यापक’ लिहू नका. ‘प्रभारी’ लिहा. पत्रकात प्रभारींना घेणार की नाही हे स्पष्ट नसेल, तर अर्जाआधी केंद्रप्रमुखांकडून विचारून घ्या. पदोन्नतीने आलेल्यांचं काम सोपं: पदोन्नतीचा आदेश आणि रुजू अहवाल जोडला की झालं.

खाजगी अनुदानित शाळांत खरी रड वैयक्तिक मान्यतेची, म्हणजे नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांनी द्यायच्या मंजुरीची. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे माध्यमिकच्या मुख्याध्यापकाला बी.एड. आणि एकूण पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो, त्यातली किमान दोन वर्षं बी.एड. नंतरची. शिवाय सेवाज्येष्ठता यादीतलं स्थान. हे सगळं असूनही संस्थेत दोन गट पडलेले असले की प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयात धूळ खात पडतो, आणि माणूस वर्षानुवर्षं फक्त ‘सह्यांचे अधिकार’ घेऊन शाळा चालवतो. पगारबिलावर त्याची सही चालते, दाखल्यावर चालते, मग प्रशिक्षणालाच मान्यता आदेश कशाला हवा? उत्तर कोणी देत नाही. मान्यता नसेल तर सह्यांच्या अधिकाराचं पत्र आणि मान्यतेच्या प्रस्तावाची पोच अशी जोडी लावा. नुसता संस्थेचा ठराव लावलेले अर्ज परत येताना पाहिले आहेत.

दुसरा गमतीशीर कागद म्हणजे अनुभवाचा दाखला. खाली छापलेलं असतं: ‘मुख्याध्यापकाची सही व शिक्का’. आता मुख्याध्यापक आपणच! स्वतःच्या दाखल्यावर स्वतः सही ठोकून पाठवणारे दरवेळी निघतात. तो दाखला संस्थेच्या सचिवांनी द्यायचा असतो, जिल्हा परिषदेत गटशिक्षणाधिकाऱ्यांनी. सेवापुस्तकातल्या तारखांशी तो जुळला पाहिजे.

भगिनींनो, नावाचं आधी बघा. पदवीवर माहेरचं, पगाराच्या शालार्थ प्रणालीत सासरचं आणि दीक्षावर टोपणनाव, असं असेल तर प्रमाणपत्र भलत्याच नावाचं निघतं. नावबदलाच्या राजपत्राची प्रत जोडा आणि दीक्षाचं प्रोफाइल अभ्यासक्रमात शिरण्याआधी दुरुस्त करा. शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, अकरा अंकी असतो. तो पाठ असला तरी बघूनच लिहा.

तारखांचा घोळ तर नेहमीचाच. दीक्षावर दोन तारखा असतात, सहभागी होण्याची शेवटची आणि अभ्यासक्रम संपण्याची. लोक दुसरीच लक्षात ठेवतात आणि दार बंद झाल्यावर फोन करतात. प्रत्यक्ष वर्गाच्या पत्रातली तारीख बहुधा तालुक्याने जिल्ह्याला यादी देण्याची असते. तुमचा कागद त्याच्या दोन-तीन दिवस आधी तालुक्यात पोचायला हवा.

आणखी एक गैरसमज. हे प्रशिक्षण वेगळं आणि सेवेच्या बारा व चोवीस वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणी व निवडश्रेणीचं वेगळं. त्याची नोंदणी वेगळी, शुल्कही वेगळं. इथलं प्रमाणपत्र तिथे दाखवून उपयोग नाही.

निवड झाली की कार्यमुक्तीचं पत्र घ्या आणि प्रभार सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे लेखी द्या. तोंडी सांगून गेलात, तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी पालक शाळा सोडल्याचा दाखला मागायला येतो आणि सही कोणाची यावर शाळेतून फोन येत राहतात.